गुलामांचा कैवारी फ्रेडरिक डग्लस

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं प्रत्येकाची जन्मतारीख शाळेच्या दफ्तरीं नोंदलेली असते. फ्रेडरिक डग्लस या थोर पुरुषास मात्र आपली जन्मतारीख आयुष्यभर कळली नाहीं. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यांत सन १८१८ च्या फेब्रुवारींत एका गुलाम स्त्रीच्या पोटीं त्यांचा जन्म झाला. आणि गुलामांच्या मुलांची गणना मालकाच्या गुरांढोरांबरोबर होत असे. आई हॅरिएट बेली दूरच्या शेतावर राबे. दिवसभराच्या कष्टांनंतर सुमारें बारा मैल चालत येऊन ती रात्रीं मुलाला कुशींत घेई व उजाडण्यापूर्वींच परत जाई. फ्रेडरिक सुमारें सात वर्षांचा असतांना ती वारली.

पुढें त्याला बाल्टिमोर शहरीं ऑल्ड नांवाच्या कुटुंबांत कामास धाडण्यांत आलें. घरधनीण सोफिया हिनें ममतेनें त्याला मुळाक्षरें शिकविण्यास आरंभ केला. पण नवऱ्यानें तें बंद पाडलें. वाचूं लागलेला गुलाम कह्यांत राहत नाहीं, अशी त्याची समजूत होती. मुलानें तें ऐकलें आणि सुटकेची वाट कोणती, हें त्याच्या मनांत कायमचें ठसलें. रस्त्यावरील गरीब गोऱ्या मुलांना पावाचा तुकडा देऊन तो त्यांच्याकडून धडा घेई. गोदींतील लांकडांवर सुतारांनीं खुणेसाठीं काढलेलीं अक्षरें पाहून तो लिहावयास शिकला.

खेड्यांत परत आल्यावर तो रविवारच्या एका लहानशा शाळेंत आपल्या बांधवांस शिकवूं लागला. ती शाळा ज्यांनीं दांडगाईनें मोडली, ते नियमानें उपासनेस जाणारे लोक होते. ख्रिस्ती म्हणविणाऱ्या आम्हांस ही गोष्ट लज्जास्पद वाटते. म्हणूनच ती आम्ही झांकून ठेवीत नाहीं. ख्रिस्ताचा धर्म व गुलामधन्यांचा धर्म यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे, असें डग्लस यांनीं पुढें निर्भयपणें लिहिलें.

सन १८३४ मध्यें त्याला कोव्ही नामक शेतकऱ्याच्या स्वाधीन केलें. गुलामांची हिंमत खच्ची करण्याबद्दल हा मनुष्य प्रसिद्ध होता. कित्येक महिने फटके सोसल्यावर सोळा वर्षांच्या त्या मुलानें एके दिवशीं प्रतिकार केला. त्यानंतर कोव्हीनें त्याच्या अंगास हात लाविला नाहीं. ३ सप्टेंबर १८३८ रोजीं खलाशाचा वेष व उसना परवाना घेऊन तो आगगाडीनें निसटला आणि न्यूयॉर्कला पोंचला. या कामीं ॲना मरे या स्वतंत्र कृष्णवर्णी तरुणीचें त्यास साहाय्य झालें. त्याच महिन्यांत उभयतांचा विवाह झाला. डग्लस हें आडनांव त्यानंतरचें.

सन १८४५ मध्यें डग्लस यांनीं आत्मचरित्र प्रसिद्ध केलें. त्यांत मालकाचें नांव उघड केल्यामुळें पुन्हां पकडले जाण्याचें भय उत्पन्न झालें. ते आयर्लंड व इंग्लंडांत गेले. तेथील मित्रांनीं पैसे भरून त्यांना कायदेशीर रीतीनें मुक्त केलें. परत आल्यावर १८४७ मध्यें रॉचेस्टर येथें त्यांनीं ‘नॉर्थ स्टार’ हें वृत्तपत्र काढलें. पळून जाणारे गुलाम ज्या ध्रुवताऱ्याच्या आधारें उत्तरेची वाट धरीत, त्याचेंच हें नांव. सन १८४८ च्या सेनेका फॉल्स येथील परिषदेंत स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी कित्येकांना धाडसाची वाटली. डग्लस यांनीं तिला जोराचा पाठिंबा दिला.

यादवी युद्धांत त्यांचे दोन पुत्र सैन्यांत दाखल झाले. गोऱ्या शिपायास दरमहा १३ डॉलर, तर काळ्या शिपायास १० डॉलर, आणि त्यांतूनहि कपड्यांसाठीं ३ डॉलरची कापणी! हा अन्याय डग्लस यांनीं १८६३ मध्यें अध्यक्ष लिंकन यांच्यासमोर मांडला. पुढील वर्षीं कायद्यानें वेतन समान झालें. सन १८६५ मध्यें गुलामगिरी नष्ट झाली व १८७० मध्यें वंशावरून मताधिकार नाकारण्यास बंदी झाली. परंतु दक्षिणेंतील राज्यांनीं जुलमानें व कपटानें तो अधिकार हिरावून घेतला. हें डोळ्यांदेखत घडत असतांहि म्हातारपणीं डग्लस बोलत व लिहीत राहिले. २० फेब्रुवारी १८९५ रोजीं स्त्रियांच्या एका सभेहून परतल्यावर त्यांचें देहावसान झालें. मताधिकाराचें खरें रक्षण करणारा कायदा १९६५ सालीं झाला.

पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेल्या जोतीराव फुले यांनीं ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ मध्यें अमेरिकेंतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सत्पुरुषांस अर्पण केला. त्या मानकऱ्यांत डग्लसहि येतात, असें आम्ही समजतों.

विद्यार्थीमित्रहो, ज्या अक्षरांसाठीं त्या मुलानें आपल्या वांट्याचा पाव दिला, तीं तुम्हांस विनासायास मिळालीं आहेत. तुमच्या घरीं किंवा शेजारीं कोणी अजून निरक्षर असेल, तर सुटीमध्यें त्यास स्वतःचें नांव लिहावयास शिकवा. पालकांनींहि या कामीं मुलांस व मुलींस सारखेंच उत्तेजन द्यावें, अशी आमची विनंति आहे.