विधवेच्या नावाची बाटली

आमच्या आत्याला गेल्या वैशाखात पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. मानवतजवळच्या तिच्या गावी आम्ही सगळे जमलो होतो. पुण्याला नोकरी करणारा तिचा नातू, म्हणजे लेकीचा मुलगा, येताना एक भलीमोठी बाटली घेऊन आला. दीड लिटरची, नेहमीच्या दोन बाटल्यांएवढी. 'मॅग्नम' म्हणतात तिला. आत होती फ्रान्सची शॅम्पेन. घरात माळकरी माणसं, त्यामुळे कुजबुज सुरू झाली. आत्या मात्र शांतपणे बाटली निरखत होती. बुचावरच्या धातूच्या चकतीवर एका म्हातारीचं चित्र होतं. ही बाई कोण, एवढंच तिनं विचारलं.

नातवानं माझ्याकडे बोट दाखवलं. आयुष्यभर इतिहास शिकवला, त्याची ही शिक्षा! पण मला ती गोष्ट ठाऊक होती आणि ती आत्यालाच सांगायला हवी होती. कारण बाटलीवरच्या 'व्हव क्लिको' या नावातल्या 'व्हव' शब्दाचा अर्थच मुळी विधवा असा आहे.

बार्ब-निकोल पोंसार्दां हे तिचं माहेरचं नाव. जन्म १६ डिसेंबर १७७७ चा, फ्रान्समधल्या रँस गावचा. वडील लोकरी कापडाचे बडे कारखानदार. ती अकरा वर्षांची असताना फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. १७९८ साली तिचं लग्न फ्रांस्वा क्लिकोशी झालं. धर्मविधींवर क्रांतीची करडी नजर होती, म्हणून हे लग्न तळघरात गुपचूप लागलं, असं सांगतात. सासरचा धंदाही मुख्यतः कापडाचा. वाइनचा व्यापार सासरे फिलिप क्लिको यांनी १७७२ साली जोडधंदा म्हणून सुरू केला होता. फ्रांस्वाला मात्र वाइनचंच वेड. नवरा-बायको द्राक्षमळे पाहत हिंडायचे. १७९९ साली मुलगी झाली, तिचं नाव क्लेमेंतीन.

आणि १८०५ च्या ऑक्टोबरात फ्रांस्वा तापानं गेला. बार्ब-निकोल तेव्हा सत्तावीस वर्षांची होती, पदरी सहा वर्षांची पोर.

इथपर्यंत आल्यावर मी थोडा थांबलो. आत्या माझ्याकडे बघत नव्हती. १९७६ साली आमचे मामा गेले तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. पदरी दोन लेकरं आणि बारा एकर कापसाचं रान. भावकीतल्या सगळ्यांचं म्हणणं एकच होतं: बाईमाणसानं घरात बसावं, जमीन आम्ही बघतो. आत्यानं ऐकलं नाही. ती स्वतः सरकी पेरायला उभी राहिली. मानवतच्या बाजारात कापसाची गाडी घेऊन जाणारी ती त्या गावची पहिली बाई.

तिकडे रँसमध्ये एकुलत्या एका मुलाच्या दुःखानं खचलेल्या सासऱ्यांनी वाइनचा धंदा बंद करायचं ठरवलं होतं. सून त्यांच्यापुढे उभी राहिली. मला हा धंदा चालवू द्या, भांडवल द्या, असं तिचं मागणं. १८०४ च्या नेपोलियनच्या कायद्यानं विवाहित बाईला नवऱ्याच्या परवानगीवाचून व्यवहार करता येत नसे. विधवेला मात्र स्वतःच्या नावानं धंदा करण्याची मोकळीक होती. सासऱ्यांनी पैसा दिला, पण एक अट घातली: एका जाणत्या भागीदाराच्या हाताखाली चार वर्षं उमेदवारी करायची. ती तिनं केली. पण युरोपभर युद्धं चाललेली, बंदरं बंद, माल अडकलेला. चार वर्षांनी भागीदार बाहेर पडला आणि पेढी बुडायच्या बेताला आली. सुनेनं पुन्हा सासऱ्यांकडे हात पसरला. त्यांनी दुसऱ्यांदा पैसा दिला. १८१० साली पेढीला नवं नाव मिळालं: व्हव क्लिको-पोंसार्दां. वैधव्य तिनं लपवलं नाही, पाटीवरच लिहिलं.

१८११ साली आकाशात मोठा धूमकेतू दिसला आणि त्या वर्षी द्राक्षाचं पीकही असं आलं, की लोक पुढे वर्षानुवर्षं त्याची आठवण काढत राहिले. ती वाइन तिनं तळघरात जपून ठेवली. १८१४ साली नेपोलियनचा पाडाव झाला. बंदरं रीतसर खुली होण्याची वाट न बघता तिनं एक जहाज भाड्यानं घेऊन दहा हजारांहून अधिक बाटल्या रशियाच्या वाटेनं रवाना केल्या. जहाज पकडलं गेलं असतं तर सर्वस्व गेलं असतं. पण इतर व्यापारी जागे होण्याआधीच तिचा विक्रेता लुई बोन माल घेऊन पोहोचला होता. रशियातल्या धनिकांच्या तिच्यावर उड्या पडल्या.

मग अडचण आली ती वेगळीच. शॅम्पेन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते. बुडबुडे येतात ते त्यामुळेच. पण किण्वाचा गाळही आतच राहतो. तो काढायला वाइन दुसऱ्या बाटलीत ओतली, तर बुडबुडे उडून जातात. १८१६ च्या सुमारास तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलाला भोकं पाडून घेतली आणि त्यांत बाटल्या उलट्या खोवल्या, असं म्हणतात. रोज बाटली थोडी फिरवायची, की काही आठवड्यांत सगळा गाळ बुचापाशी जमतो. मग क्षणभर बूच काढलं, की आतल्या दाबानं गाळ बाहेर फेकला जातो. तिचे तळघरप्रमुख अँत्वान म्युलर यांचाही या शोधात वाटा होता. काचेसारखी नितळ शॅम्पेन जगाला मिळाली ती या युक्तीनं.

तिनं पुन्हा लग्न केलं नाही. जावई सरदार घराण्यातला, हाताचा सैल. पेढी तिनं त्याच्या हाती दिली नाही, तर एदुआर वेर्ले या कर्तबगार नोकराला भागीदार करून सोपवली. २९ जुलै १८६६ रोजी बुरसोच्या वाड्यात, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी ती गेली. २०१० साली बाल्टिक समुद्रात फिनलंडजवळ एका बुडालेल्या जहाजात शॅम्पेनच्या दीडशेवर बाटल्या सापडल्या. त्यांतल्या काही या विधवेच्या पेढीच्या होत्या आणि आतली वाइन अजून पिण्याजोगी होती!

ती श्रीमंताची लेक होती, हे विसरून चालणार नाही. आत्याला असं पाठबळ कुठलं?

गोष्ट संपेपर्यंत बाटली तयार झाली होती. प्रवासात हिंदकळलेली, म्हणून नातवानं ती आदल्या दिवसापासून हलवली नव्हती. मोठीच बाटली का आणलीस, असं मी विचारलं. मोठ्या बाटलीत वाइनच्या मानानं हवा कमी, म्हणून ती सावकाश मुरते आणि जास्त टिकते, शिवाय पंगत मोठी, असं त्याचं उत्तर. फ्रिजमध्ये ती मावेना. मग घमेल्यात बर्फाची लादी फोडून पाणी ओतलं. नुसत्या बर्फापेक्षा बर्फाच्या पाण्यात बाटली लवकर गार होते. मॅग्नमला तरी पाऊण तास लागला. आठ-दहा अंशांवर ती प्यावी म्हणतात. वैशाखातली परभणी, तेव्हा घाई करावी लागली.

बूच उडवणं हा सिनेमातला प्रकार. आत मोटारीच्या चाकाच्या तिप्पट दाब असतो, डोळा जायचा. नातवानं अंगठा बुचावर दाबून तार सोडवली, वर टॉवेल धरला, बाटली तिरकी केली आणि बूच घट्ट धरून बाटली हळूहळू फिरवली. सुस्कारा सोडल्यासारखा आवाज झाला, बस्स. पेले काचेचे, थोडे तिरके धरलेले. आधी थोडी ओतायची, फेस बसू द्यायचा, मग पुन्हा. एका मॅग्नममध्ये बारा पेले भरतात. घेणारे घेते झाले. आत्यानं आणि लेकरांनी लिंबाचं सरबत घेतलं.

तिची धाकटी सून एका कडेला उभी होती. तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा, आत्याचा धाकटा मुलगा, गेला. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवांच्या बांगड्या फोडण्याच्या, कुंकू पुसण्याच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा ती बातमी आत्यानं या सुनेला मोठ्यानं वाचून दाखवली होती. पण जमिनीचा विषय घरात निघत नव्हता. सगळं रान अजून आत्याच्या नावावर, आणि थोरल्याला ते विकायचं होतं.

रात्री अंगणात आत्यानं मला एकच विचारलं. त्या सासऱ्यानं खरंच दुसऱ्यांदा पैसे दिले का? दिले, मी म्हणालो. ती बराच वेळ गप्प होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पेटीतला सातबारा काढला, सुनेला सोबत घेतलं आणि बक्षीसपत्राचं विचारायला ती तालुक्याला गेली. सहा एकर सुनेच्या नावावर झाले. थोरला अजून रागावलेला आहे. बाटली रिकामी झाली, पण ती चित्राची चकती सुनेनं जपून ठेवली आहे.