क्लॉड बॅटली : जुन्या वास्तूंतून नव्या रचनेचे धडे

मुंबईतील वास्तुकला शिक्षणाला वळण देणारे क्लॉड बॅटली यांचा जन्म १८७९ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. १९१३ मध्ये ते मुंबईत आले. मुंबई सेंट्रल स्थानकाची रचना त्यांचीच. १९२३ ते १९४३ या काळात सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या वास्तुकला विभागाचे ते प्रमुख होते. पाश्चात्त्य शैलींचे वर्चस्व असताना त्यांनी विद्यार्थ्यांना भारतीय वास्तूंची प्रत्यक्ष मोजमापे घेऊन आरेखने करण्यास लावले. जुन्याची नक्कल हा त्यामागील हेतू नव्हता. छज्जा, जाळी, चौक यांमागील हवामानाचा विचार विद्यार्थ्यांच्या नव्या आराखड्यांत उतरावा, ही त्यांची भूमिका होती. १९३४ मध्ये भारतीय वास्तुरचनेच्या विकासावरील त्यांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९५६ मध्ये त्यांचे निधन झाले. ऐतिहासिक वास्तूंचे मोजणी-आरेखन आजही देशातील वास्तुकला अभ्यासक्रमांत शिकविले जाते.