टेलिफोनवाले ग्रॅहम बेल आधी कर्णबधिर मुलांचे शिक्षक होते!

अलेक्झांडर ग्रॅहम बेल म्हटलं की टेलिफोन आठवतो. पण १८७६ मध्ये त्याचं पेटंट मिळालं तेव्हा बेल यांचं पोट कर्णबधिरांना बोलायला शिकवण्यावर चालायचं.

जन्म १८४७, एडिनबरा. आईला जवळपास ऐकूच यायचं नाही. वडील उच्चारशास्त्राचे शिक्षक. त्यांनी १८६७ मध्ये 'व्हिजिबल स्पीच' ही लिपी छापली. आवाज काढताना जीभ कुठे टेकते, ओठ कसे होतात, हे तिच्यातलं चिन्हच सांगायचं. (आपले क, च, ट, त, प हे वर्ग कंठापासून ओठांपर्यंत लावलेत, साधारण तोच विचार.) वडिलांच्या कार्यक्रमात बेल यांना बाहेर पाठवायचे. प्रेक्षक वाट्टेल तो आवाज काढायचे, वडील तो चिन्हांत लिहायचे आणि बेल आत येऊन, फक्त वाचून, तोच आवाज काढायचे.

१८७१ मध्ये ते बोस्टनच्या कर्णबधिर शाळेत आले आणि हा खेळ खऱ्या कामाला लागला. ज्या मुलाला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही, त्याला नुसतं 'चुकलं' सांगून काय उपयोग? जीभ कुठे गेली आणि कुठे जायला हवी होती, हे दाखवावं लागतं. लिपीमुळे ते कागदावर दाखवता आलं.

पुढची पायरी विचित्र होती. १८७४ मध्ये त्यांनी मृत माणसाचा कान मिळवला, त्याला गवताची काडी जोडली. आवाज झाला की पडदा थरथरायचा आणि काडी काजळी धरलेल्या काचेवर रेघ ओढायची. मुलांनी शिक्षकाची रेघ बघून आपली जुळवावी, ही कल्पना. या थरथरत्या पडद्यातूनच टेलिफोनची वाट सापडली.

पण याच माणसावर अनेक कर्णबधिर लोकांचा आजही राग आहे. शाळेत खुणांची भाषा नको, बोलणंच हवं, असा बेल यांचा आग्रह होता. १८८३ च्या निबंधात तर कर्णबधिरांनी आपापसात लग्नं करण्याबद्दल त्यांनी धोक्याची घंटा वाजवली. त्यांची पत्नी मेबल स्वतः कर्णबधिर, ओठ वाचून बोलणं समजणारी. तिला जमलं ते सगळ्यांना जमेल, हा हिशेब काही बरोबर नव्हता. मुलाची हुशारी उच्चारावरून जोखली जाऊ लागली आणि अनेक पिढ्यांना शाळेत हात बांधून बसावं लागलं.

१८८० च्या मिलान परिषदेत, जवळपास सगळ्या ऐकू येणाऱ्या प्रतिनिधींनी, खुणांपेक्षा बोलणं श्रेष्ठ असा ठराव केला होता. तो २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत नाकारला गेला. बेल यांना जाऊन तेव्हा ८८ वर्षं झाली होती. श्रवण तपासणीच्या अहवालात मात्र त्यांचं नाव अजून आहे, 'डेसिबल'मध्ये.