पांडुरंग सदाशिव खानखोजे

पांडुरंग सदाशिव खानखोजे (१८८४–१९६७) हे वर्धा येथे जन्मलेले क्रांतिकारक व कृषिशास्त्रज्ञ होते. अमेरिकेत कृषिशिक्षण घेताना ते गदर चळवळीच्या आरंभीच्या नेत्यांपैकी एक बनले. पहिल्या महायुद्धात इराणमध्ये ब्रिटिशांविरुद्ध लढल्यानंतर १९२४ मध्ये ते मेक्सिकोत पोहोचले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले.

क्रांतीनंतर मेक्सिकोत भूमिहीनांना जमिनी मिळू लागल्या होत्या; चांगले बियाणे आणि शेतीचे शास्त्र मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी खानखोजे यांनी खेड्यांतील शेतकऱ्यांकरिता मोफत कृषिशाळा सुरू केल्या. मका हे तेथील गरिबांचे मुख्य अन्न असल्याने त्याच्या सुधारणेवर त्यांचा विशेष भर होता. शेतात तणासारखा उगवणारा मक्याचा रानटी सोयरा तेओसिंते याचा मक्याशी संकर करण्याचे प्रयोगही त्यांनी केले. या शाळांची छायाचित्रे तीना मोदोत्ती यांनी टिपली, तर चित्रकार दिएगो रिवेरा यांनी एका भित्तिचित्रात खानखोजे यांना स्थान दिले.

भारतात त्यांचे हे कार्य क्रांतिकारक म्हणून मिळालेल्या ख्यातीमागे बरेचसे झाकले गेले. ब्रिटिश राजवट असेपर्यंत त्यांना मायदेशी परतता आले नाही. स्वातंत्र्यानंतर ते नागपूर येथे स्थायिक झाले. तेथेच त्यांचे निधन झाले.