मातीचे राखणदार ह्यू बेनेट

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात एका कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी १५ एप्रिल १८८१ रोजी ह्यू हॅमंड बेनेट यांचा जन्म झाला. लहानपणी उतारावरच्या शेतात बांध घालताना ते वडिलांच्या हाताखाली राबत. जमीन वाहून जाऊ नये म्हणून हे कष्ट, हे वडिलांनी त्यांना समजावून सांगितले होते.

पदवी मिळवून १९०३ मध्ये ते सरकारच्या मृदा-विभागात रुजू झाले. १९०५ मध्ये व्हर्जिनिया राज्यात पाहणी करीत असता त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. एकाच उतारावर दोन जमिनी शेजारी-शेजारी होत्या. रानातील माती भुसभुशीत व ओलसर होती. नांगरलेल्या शेतातील माती मात्र कठीण झाली होती. प्रत्येक पावसाबरोबर वरचा सुपीक थर नकळत धुपून जात होता. आच्छादन गेले की माती जाते, हे त्यांनी ओळखले. पुढे अनेक वर्षे ते देशाला सावध करीत राहिले. परंतु फार थोड्यांनी ते मनावर घेतले.

पाण्याप्रमाणेच वाराही माती पळवितो. अमेरिकेच्या मध्यभागातील विस्तीर्ण मैदानांवर बहुवर्षायू गवत वाढत असे. त्याची पाने वाळली तरी मुळे जिवंत राहून रेताड मातीलाही घट्ट धरून ठेवीत. गव्हाच्या लोभाने लोकांनी ही गवताळ भूमी नांगरून काढली. १९३० नंतर अवर्षण पडले आणि उघडी माती आकाशात उडू लागली. भरदिवसा अंधार पडे. हजारो कुटुंबे देशोधडीला लागली.

१९३५ च्या वसंत ऋतूत बेनेट वॉशिंग्टन येथे संसद-सदस्यांपुढे आपले म्हणणे मांडीत होते. दूरच्या मैदानांतील धूळ राजधानीकडे येत असल्याची वार्ता त्यांना होती; म्हणून त्यांनी आपले निवेदन लांबविले, असे सांगतात. धुळीने आकाश काळवंडले आणि सर्वांची खात्री पटली. २७ एप्रिल १९३५ रोजी मृदासंधारणाचा कायदा झाला व नव्या खात्याचे बेनेट हे पहिले प्रमुख झाले.

उजाड रानात गवत रुजविणे सोपे नव्हते. उडत्या वाळूत कोवळी रोपे गाडली जात. म्हणून प्रथम ज्वारीसारखे पीक घेऊन त्याची धसकटे तशीच उभी ठेवीत आणि त्यांच्या आडोशाला गवताचे बी पेरीत. गवताने मूळ धरले की माती स्थिरावे आणि जुनी मुळे कुजून ती पुन्हा कसदार होऊ लागे.

७ जुलै १९६० रोजी बेनेट यांचे निधन झाले. त्याच वर्षी सरकारने विकत घेतलेल्या अशा अनेक पडीक जमिनींना राष्ट्रीय तृणभूमी हे नाव मिळाले. जेथे एकेकाळी धुळीचे लोट उठत, तेथे आता गवत डोलत होते.