इंचाइंचाने जिंकणारा सेनानी : व्हिन्स लोम्बार्डी

अमेरिकन फुटबॉलमधील सर्वोच्च मानाच्या 'सुपर बोल' सामन्यानंतर विजेता संघ जो चांदीचा करंडक उंचावतो, त्याला व्हिन्स लोम्बार्डी यांचे नाव दिलेले आहे. अलीकडच्या काळात हा करंडक पटकावणारे बहुतेक संघ लांबवर अचूक पास फेकणाऱ्या खेळाडूच्या बळावर तेथवर पोहोचतात. स्वतः लोम्बार्डी मात्र चेंडू छातीशी धरून धावणाऱ्या आणि प्रतिस्पर्ध्याला गुणांसाठी झगडायला लावणाऱ्या खेळाचे पुरस्कर्ते होते. धाव आणि बचाव श्रेष्ठ की पास, हा या खेळातील जुना वाद आहे. त्या वादातील एका बाजूचे सर्वांत मोठे नाव म्हणून आजही त्यांच्याकडेच बोट दाखवले जाते. त्यांची कारकीर्द बारकाईने पाहिली, तर चित्र इतके एकरंगी दिसत नाही.

या खेळात आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. चेंडू घेऊन धावावे किंवा तो हवेतून पुढच्या साथीदाराकडे फेकावा, हे दोनच मुख्य मार्ग. धावेतून बहुधा तीन-चार यार्डच मिळतात, पण चेंडू सहसा आपल्याच ताब्यात राहतो. पास एका फटक्यात चाळीस यार्डांची मजल मारून देतो. मात्र तो खाली पडला तर एक प्रयत्न वाया जातो आणि प्रतिस्पर्ध्याने झेलला तर चेंडूच हातचा जातो. लोम्बार्डी यांच्या पिढीतील प्रशिक्षकांनी हा हिशेब मनाशी पक्का केला होता.

11 जून 1913 रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे एका इटालियन वंशाच्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडिलांचा मांसविक्रीचा व्यवसाय होता. घरातील वातावरण कडक शिस्तीचे आणि कॅथलिक श्रद्धेचे. धर्मगुरू होण्याच्या इच्छेने लोम्बार्डी यांनी काही वर्षे त्यासाठीच्या शाळेत शिक्षणही घेतले. पुढे तो मार्ग सोडून ते फोर्डहॅम विद्यापीठात दाखल झाले. तेथे 1936 च्या संघातील पुढच्या फळीच्या सात खेळाडूंना ग्रॅनाइटच्या सात शिळा असे टोपणनाव मिळाले होते. देहाने फारसे थोराड नसलेले लोम्बार्डी त्या सातांपैकी एक. 1935 आणि 1936 या दोन्ही वर्षी फोर्डहॅम आणि पिट्सबर्ग यांच्यातील सामना शून्य-शून्य असा बरोबरीत सुटला. गुण द्यायचेच नाहीत, हा धडा त्यांनी तेथे स्वतःच्या अंगावर झेलून गिरवला.

1939 मध्ये न्यू जर्सीतील एंगलवूड येथील सेंट सिसिलिया शाळेत ते शिक्षक म्हणून रुजू झाले. लॅटिन, रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञान शिकवता शिकवता ते शाळेच्या संघालाही घडवू लागले. वर्गातील सर्वांत मागे पडलेल्या मुलाला समजेपर्यंत धडा पुन्हा पुन्हा सांगायचा, ही शिक्षकाची सवय त्यांनी मैदानावरही सोडली नाही. 1949 ते 1953 या काळात वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीत कर्नल अर्ल ब्लेक यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. मोजकेच डाव निवडावेत आणि ते निर्दोष होईपर्यंत घोटावेत, ही पद्धत त्यांनी तेथून उचलली. त्यानंतर न्यूयॉर्क जायंट्स या व्यावसायिक संघात ते आक्रमणाचे सूत्रधार झाले. त्याच संघाच्या बचावाची जबाबदारी टॉम लँड्री सांभाळत होते. 1956 मध्ये जायंट्सने शिकागो बेअर्सचा 47-7 असा धुव्वा उडवून विजेतेपद मिळवले.

वयाच्या पंचेचाळीस वर्षांपर्यंत शाळेपेक्षा वरच्या पातळीवर त्यांना मुख्य प्रशिक्षकपद लाभले नव्हते. ती संधी 1959 मध्ये विस्कॉन्सिनमधील ग्रीन बे या लहानशा शहराने दिली. नागरिकांच्या भागभांडवलावर चालणारा ग्रीन बे पॅकर्स हा संघ आदल्या हंगामात बारापैकी केवळ एक सामना जिंकला होता. त्याचे भवितव्यच धोक्यात होते. लोम्बार्डी यांनी पहिल्याच वर्षी सात विजय मिळवून दिले.

या परिवर्तनाच्या केंद्रस्थानी एकच डाव होता. क्वार्टरबॅक बार्ट स्टार चेंडू मागच्या धावपटूच्या हाती देत. जेरी क्रेमर आणि फझी थर्स्टन हे दोन गार्ड आपली जागा सोडून बाजूला धाव घेत आणि धावपटूसाठी वाट मोकळी करत. पुढे कोणत्या बाजूला फट पडते, ते पाहून पॉल हॉर्नंग किंवा जिम टेलर त्यातून घुसत. यात कोणतेही रहस्य नव्हते. हा डाव येणार, हे प्रतिस्पर्ध्यांनाही ठाऊक असे. तरीही प्रत्येक खेळाडूने आपले काम चोख केले तर तो अडवता येणार नाही, अशी लोम्बार्डी यांची धारणा होती. फळ्यासमोर उभे राहून या एकाच डावावर ते तासन्‌तास बोलत. 1960 मध्ये बारा सामन्यांत हॉर्नंग यांनी केलेल्या 176 गुणांचा विक्रम पुढे 2006 पर्यंत अबाधित राहिला.

त्याच वर्षीच्या अंतिम सामन्यात या विश्वासाची कसोटी लागली. प्रतिस्पर्धी फिलाडेल्फिया ईगल्सची मदार नॉर्म व्हॅन ब्रॉकलिन यांच्या पासवर होती. लोम्बार्डी यांनी गोलजवळ पोहोचल्यावर लाथेने मिळणारे हमखास तीन गुण नाकारून धावेचा आग्रह धरला आणि तो अंगलट आला. अखेरच्या क्षणी टेलर यांना चक बेडनारिक यांनी गोलरेषेपासून काही यार्डांवर खाली पाडले. ग्रीन बे 17-13 असे हरले. निर्णायक टप्प्यावरील सामन्यांत लोम्बार्डी यांचा हा पहिला आणि अखेरचा पराभव ठरला.

त्यानंतरची सात वर्षे त्यांची होती. 1961 मध्ये न्यूयॉर्क जायंट्सला 37-0 असे नमवून पॅकर्स विजेते झाले. 1962 मध्ये चौदापैकी तेरा साखळी सामने जिंकताना टेलर यांनी 1,474 यार्ड धाव घेतली, तर फिल बेंग्टसन यांच्या देखरेखीखालील बचावफळीने साऱ्या हंगामात अवघे 148 गुण दिले. रे निट्श्के, विली डेव्हिस, हर्ब ॲडरली, विली वूड ही त्या फळीतील मातब्बर नावे. 1965 च्या अंतिम सामन्यात चिखलाने माखलेल्या मैदानावर हॉर्नंग आणि टेलर यांनी मिळून दोनशेहून अधिक यार्ड धाव घेतली आणि क्लीव्हलँडच्या जिम ब्राऊन यांना पन्नास यार्डांवर रोखण्यात आले. धाव आणि बचावाचा याहून बोलका पुरावा मिळणे कठीण.

पण लोम्बार्डी हटवादी नव्हते. हॉर्नंग आणि टेलर यांची उमेद ओसरू लागली, तसा त्यांनी भार स्टार यांच्या हातांवर टाकला. 1966 मध्ये स्टार लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. साऱ्या साखळी हंगामात त्यांचे केवळ तीन पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती लागले. एका यार्डाची गरज असताना सारा बचाव धाव अडवण्यासाठी पुढे सरसावे आणि नेमका तेव्हाच स्टार लांब पास फेकत. धावेचा धाक नसता, तर त्या पासला इतकी मोकळी जागा मिळाली नसती. जानेवारी 1967 मध्ये पहिला सुपर बोल पॅकर्सने कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्ध 35-10 असा जिंकला, तेव्हा स्टार यांनी पासमधून अडीचशे यार्ड मिळवले होते.

31 डिसेंबर 1967 रोजी ग्रीन बे येथे डॅलस काउबॉइजविरुद्ध झालेल्या सामन्यात तापमान उणे पंचवीस अंश सेल्सिअसच्या आसपास होते. डॅलसचे प्रशिक्षक होते लोम्बार्डी यांचे जुने सहकारी लँड्री. पाच मिनिटांहूनही कमी वेळ उरला असताना पॅकर्सला 68 यार्ड अंतर कापायचे होते. गोठलेल्या मैदानावर स्टार यांनी बरेचसे अंतर छोट्या पासांनी कापले आणि सोळा सेकंद उरले असताना क्रेमर यांच्या आडोशाने स्वतः गोलरेषेपलीकडे झेप घेतली. 21-17 अशा त्या विजयानंतर दुसरा सुपर बोलही पॅकर्सने जिंकला. सात वर्षांतील ते पाचवे विजेतेपद होते.

1969 मध्ये ते वॉशिंग्टनच्या संघाकडे गेले. तेथे सॉनी जर्गेन्सन यांच्यासारखा निष्णात पास फेकणारा क्वार्टरबॅक होता. लोम्बार्डी यांनी त्यांना बांधून घातले नाही. त्या हंगामात पासमधून सर्वाधिक यार्ड जर्गेन्सन यांनीच मिळवले. नवखे धावपटू लॅरी ब्राऊन क्षणभर उशिरा निघतात, हे लोम्बार्डी यांच्या नजरेने टिपले. श्रवणदोष हे त्यामागचे कारण निघाले आणि ब्राऊन यांच्या शिरस्त्राणात श्रवणयंत्र बसवण्यात आले. 1955 नंतर प्रथमच वॉशिंग्टनच्या खात्यात पराभवांपेक्षा अधिक विजय जमा झाले. पुढचा हंगाम मात्र त्यांना पाहता आला नाही. आतड्याच्या कर्करोगाने 3 सप्टेंबर 1970 रोजी, वयाच्या 57 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर सुपर बोलच्या करंडकाला त्यांचे नाव देण्यात आले.

1978 मध्ये पास झेलणाऱ्या खेळाडूला अडवण्यावर निर्बंध आले आणि खेळाचा तोल पासकडे झुकला. तरीही बचावाची महती ओसरली नाही. 2013 च्या हंगामात 606 गुणांचा विक्रम करणाऱ्या डेन्व्हरला सिअ‍ॅटलच्या बचावाने सुपर बोलमध्ये आठ गुणांवर रोखले. 2024 च्या हंगामात फिलाडेल्फियाच्या सॅक्वॉन बार्कली यांनी धावेतून दोन हजार यार्डांचा टप्पा ओलांडला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये त्या संघाच्या बचावाने पासमध्ये पारंगत असलेल्या कॅन्सस सिटीला निष्प्रभ केले. 1960 मध्ये लोम्बार्डी यांना पासच्या बळावर हरवणाऱ्या शहराने त्यांच्या नावाचा करंडक धाव आणि बचावाच्या जोरावर घरी नेला.