आखाड्यातून आसनावर

कॉलेजच्या जिमखान्यात बॉक्सिंग शिकायला पहिल्यांदा गेलात की एक गंमत हमखास होते. ग्लोव्ह्ज चढवून बॅगसमोर उभं राहिलं की आपण सगळा जोर मुठीत आणतो, दात आवळतो, खांदे कानापर्यंत चढवतो आणि श्वास कोंडून दणादण हाणत सुटतो. मिनिटभरात हात शिशासारखे जड होतात. तीन मिनिटांचा राउंड संपायच्या आत आपण गुडघ्यांवर हात टेकून वाकलेले! मग कोच सांगतात की पाय नीट रोव, खांदे सैल सोड आणि प्रत्येक पंचबरोबर श्वास बाहेर टाक.

आता शेजारच्या हॉलमधल्या योगाच्या वर्गात डोकावून बघा. तिथेही पहिल्या दिवशी मांड्या थरथरत असतात, चेहरा आक्रसलेला असतो आणि श्वास अडकलेला. तिथल्या शिक्षकांची सूचना काय? पाय रोवा, खांदे सैल, श्वास चालू ठेवा. एक मारामारीची विद्या, दुसरी मनःशांतीची, असं आपण धरून चालतो. पण दोन्हीकडे पहिला धडा एकच असतो, तो म्हणजे दम सांभाळायचा.

हे नातं अंगावर घेऊन जगलेला एक माणूस आपल्याकडे होऊन गेला. लोणावळ्याच्या कैवल्यधाममुळे स्वामी कुवलयानंद हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं असेल. पण हे स्वामी आधी आखाड्यात घडले होते, हे किती जणांना माहीत असतं?

त्यांचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म 30 ऑगस्ट 1883चा, बडोदा संस्थानातल्या डभोईचा. घरची परिस्थिती बेताची, पण पोरगा हुशार. 1903मध्ये मॅट्रिकला त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावली आणि बडोदा कॉलेजात प्रवेश घेतला. तो काळ लोकमान्य टिळकांच्या राजकारणाने भारलेला होता. देशासाठी काहीतरी करायचं, लग्न करायचं नाही, हे जगन्नाथने विद्यार्थिदशेतच ठरवून टाकलं.

पण देशकार्य करायचं तर शरीर हवं. बडोद्यात उस्ताद जुम्मादादांच्या नावाची व्यायामशाळा होती आणि त्यांचे शिष्य राजरत्न माणिकराव ती चालवत. 1907 ते 1910 अशी तीन वर्षं गुणे त्यांच्या हाताखाली होते. ही काही बॉक्सिंगची रिंग नव्हती, देशी आखाडा होता. पण समोर माणूस उभा असला की कुठल्याही आखाड्यात काही गोष्टी लपत नाहीत. पवित्रा चुकला की तोल जातो, घाबरलात की श्वास तुटतो, आणि श्वास तुटला की समोरच्याला ते लगेच कळतं. तुम्ही कितीही मोठ्या गप्पा मारा, अंगात जेवढं मुरलंय तेवढंच बाहेर येतं.

पुढे गुणे खानदेशात अमळनेरला आले आणि राष्ट्रीय शिक्षणाच्या कामात पडले. तिथल्या कॉलेजचे ते प्राचार्यही झाले. याच काळात, 1919मध्ये, त्यांची गाठ परमहंस माधवदासजींशी पडली. हे मूळचे बंगालचे योगी नर्मदाकाठी मालसरला राहत होते. आखाड्यात पिळदार झालेला हा तरुण त्यांच्याकडे नव्याने श्वास घ्यायला शिकला. शिकण्याची पद्धत मात्र ओळखीचीच होती. गुरूसमोर रोज तेच तेच करायचं, घाई करायची नाही आणि शरीर काय सांगतंय ते ऐकायचं.

1923मध्ये अमळनेरचं ते राष्ट्रीय कॉलेज बंद पडलं. विचार करा, वय चाळीस, संसार नाही आणि ज्या कामाला वाहून घेतलं तेच थांबलेलं. आज प्लेसमेंट हुकली तरी आपल्याला जग संपल्यासारखं वाटतं. गुण्यांनी मात्र पुढच्याच वर्षी, 1924मध्ये, लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं आणि 'योगमीमांसा' नावाचं त्रैमासिकही काढलं.

खरी भारी गोष्ट इथून पुढे आहे. योगाबद्दल तेव्हा दोन टोकं होती. एका बाजूला त्याला चमत्कार मानणारे, दुसऱ्या बाजूला थोतांड म्हणून हसणारे. गुण्यांनी दोघांशीही वाद घातला नाही. त्यांनी यंत्रं आणली. उड्डियान आणि नौली करताना पोटात नेमकं काय होतं, हे बघण्यासाठी बडोद्याच्या दवाखान्यात एक्स-रे काढले. नौलीत आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांना मोजून दाखवता आलं. योगी काही उपकरण न वापरता आत पाणी कसं ओढतात, याचं गूढ त्यामुळे उलगडलं. या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचं, माधवदासांचं नाव दिलं.

मोजायचं म्हटलं की उत्तर नेहमी आपल्या बाजूने येईलच असं नसतं. प्राणायाम केला की भरपूर ऑक्सिजन मिळतो, असं सगळे म्हणत (आजही म्हणतात!). त्यांनी श्वासातले वायू तपासले. निव्वळ ऑक्सिजनच्या हिशेबात प्राणायामात खास फायदा नाही, असा निष्कर्ष निघाला. आयुष्य ज्यावर लावलं त्याच विद्येबद्दलचा हा लाडका समज होता. तो झाकून ठेवणं सोपं होतं. त्यांनी तसं केलं नाही. प्राणायामाचं मोल मज्जासंस्थेला लागणाऱ्या वळणात आहे, अशी मांडणी त्यांनी केली.

आता पुन्हा बॅगसमोर या. पंचबरोबर श्वास सोडायचा तो जास्त हवा मिळावी एवढ्यासाठी नसतो. अंग आखडू नये, डोकं ताळ्यावर राहावं, म्हणूनही तो सोडायचा असतो. म्हणजे जिमखान्यातले कोच आणि लोणावळ्याचे स्वामी शेवटी एकाच मुद्द्यावर येतात, नाही का?

आखाडा त्यांच्यातून कधी गेला नाही. माणिकरावांकडची हुकुमावर चालणारी सांघिक कवायत त्यांनी योगात आणली आणि 'यौगिक संघ व्यायाम' तयार केला. शाळेतल्या मुलांनी रांगेत उभं राहून एकत्र करायचा हा योग होता. गुहेतली विद्या त्यांनी अशी मैदानात आणली. 1932मध्ये मुंबईत शाखा निघाली, पुढे लोणावळ्यात योगाचं कॉलेजही झालं. 18 एप्रिल 1966 रोजी ते गेले. कैवल्यधाममध्ये संशोधन आजही चालू आहे.

तेव्हा पुढच्या वेळी रिंगवाले आणि मॅटवाले एकमेकांची खेचायला लागले, तर त्यांना या गुणेमास्तरांची गोष्ट सांगा. आणि स्वतःपुरती एक छोटी चाचणी करून बघा. बॅगवर असा नाहीतर आसनात, जिथे अंग थरथरायला लागतं तिथे क्षणभर लक्ष द्या, श्वास चालू आहे की कोंडलाय? कोंडला असेल तर आधी तो सोडा. पुढचा पंच किंवा पुढचं आसन त्यानंतर.